मिरिच, डमरा, चिनीदाद, श्रीरामदेश : गिरमिटिया गीतांतली ही ठिकाणं नेमकी कोणती?

पोथीपान :
भोजपुरी बिरहा आणि बिदेसिया, म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाच्या विरहाच्या, गीतांचे मराठी अर्थ लावायचं काम सुरू आहे. नवरा 'मिरिच'ला गेला, 'डमरा'ला गेला, 'चिनीदाद'ला गेला असे उल्लेख सारखे येतात. काही ठिकाणी नुसतं 'टापू', म्हणजे बेट, म्हटलंय. कोणतं नाव कुठलं? मराठी मुलखातली माणसंही तिकडे गेली का? आणि एखाद्या घराण्यात एवढं एकच नाव शिल्लक असेल, तर गेलेला माणूस सरकारी कागदांत शोधायचा कसा?

दर्यावर्दी :
मिरिच म्हणजे मॉरिशस. तिथे कराराचे मजूर, म्हणजेच गिरमिटिया, १८३४ पासून जाऊ लागले, म्हणून हे नाव सगळ्यांत जुन्या गीतांतही सापडतं. रामायणातल्या मारीचाशी किंवा मिरचीशी त्याचं नातं लावू नका. परक्या नावाला तोंडात बसणारं रूप दिलंय, इतकंच.

डमरा किंवा डमरैला म्हणजे डेमरारा, आजच्या गयानातला एक भाग. तिथली पहिली दोन जहाजं, व्हिटबी आणि हेस्पेरस, १८३८ ची. मात्र गावाकडे अख्ख्या ब्रिटिश गयानाला डमराच म्हणत. माणूस त्याच वसाहतीतल्या बर्बिस भागातल्या मळ्यावर राबला असला तरी घरचे 'डमरा'च सांगणार. इथे फार जण फसतात, कारण बिहारात सीतामढीजवळ डुमरा आहे आणि बक्सरकडे डुमराँव. ओळीत जहाज, डिपो (जहाजावर चढण्याआधी मजूर ठेवायची जागा), गिरमिट (मजुरीचा करार), आरकाटी (मजूर भरती करणारा दलाल) यांपैकी काहीच नसेल, तर ते साधं गावाचं नाव नाही ना, हे आधी बघा.

चिनीदाद किंवा चिनीतात म्हणजे त्रिनिदाद. तिथे फातेल रझाक हे पहिलं जहाज मे १८४५ मध्ये पोचलं. नावात 'चिनी' आल्यामुळे साखरेचा देश असा अर्थ आपसूक चिकटला, आणि काम उसाच्या मळ्यातलंच होतं. श्रीरामदेश म्हणजे सुरिनाम, पहिलं जहाज लल्ला रूख, १८७३. आरकाट्यांनी रामाचं नाव घेऊन लोकांना भुलवलं ही हकिकत तिथल्या घराघरांत सांगतात. कागदांत मात्र 'सुरिनाम'च शोधा, श्रीराम नाही.

मोडीवाचक :
मराठी माणसांबद्दल. त्यांचा मुख्य ओघ मॉरिशसकडे होता. १८३९ मध्ये बंद पाडलेली भरती १८४२ च्या कायद्याने फक्त मॉरिशससाठी पुन्हा उघडली, आणि परवानगीच्या तीन बंदरांत कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबईही होती. रत्नागिरी आणि घाटावरचे लोक इथूनच चढले. आजही तिथे मराठी समाज वेगळा ओळखला जातो आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

एक खबरदारी घ्या. कागदावर 'मुंबई' दिसलं की माणूस मुंबईचा असं धरू नका, ते चढायचं बंदर आहे. जिल्हा वेगळ्या रकान्यात असतो.

जाता जाता : तिकडून आलेल्या साखरेला आपल्याकडे 'मोरस साखर' म्हणत. गुजरातीत तर साखरेला अजूनही मोरस म्हणतात. जुन्या पाककृतींत हा शब्द दिसला तर तो त्याच बेटाचा.

दप्तरखाना :
शोधायची रीत सांगतो. आधी नावावरून वसाहत ठरवा, मग साल तपासा. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळची सुरुवात १८६०, फिजीची १८७९. घरात 'सत्तावन्नच्या बंडाच्या वेळी फिजीला गेले' असं सांगत असतील, तर ठिकाण तरी चुकलंय किंवा साल तरी. भरती १९१७ मध्ये थांबली, त्यानंतरचं कुणी गिरमिटिया नाही.

पुढचा कागद म्हणजे एमिग्रेशन पास. कलकत्त्याच्या पासावर जहाजाचं नाव, डिपोतला क्रमांक, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची आणि अंगावरची खूण असते. नावाच्या मागे लागू नका. कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलंय, त्यामुळे एकच नाव चार तऱ्हांनी सापडतं. बापाचं नाव, ठाणं आणि गाव हे तिन्ही जुळले तरच माणूस आपला माना.

मॉरिशसची दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुराला फोटो असलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे, म्हणून कधी कधी चेहराही मिळतो. सुरिनामची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन शोधता येते. फिजीचे पास सुवाच्या अभिलेखागारात आहेत.

पोथीपान :
फार उपयोगी. पण नुसतं 'टापू' असेल तर?

दर्यावर्दी :
'टापू'वर विसंबू नका. डमरा हे बेट नाही, तरी त्यालाही टापूच म्हणत. गीतात 'पागल समुंदर' आलाय का बघा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या खवळलेल्या पाण्याला मजूर तसं म्हणत. तो आला म्हणजे जहाज गयाना, त्रिनिदाद किंवा सुरिनामकडचं. मॉरिशसच्या वाटेवर ते टोक येतच नाही, फिजी तर उलट दिशेला.

कावेरीकाठ :
दक्षिणेकडची गीतं घेणार असाल तर तमिळमधलं 'कंडीच्चीमै' म्हणजे सिलोनचे मळे आणि तेलुगूतलं 'रंगम' म्हणजे रंगून. तिथे बहुतेक भरती कंगाणी किंवा मेस्त्री म्हणवणाऱ्या मुकादमांमार्फत, उचल देऊन होई. गिरमिट नाही, त्यामुळे वर सांगितलेले पास तिथे शोधत बसू नका.