पुरस्काराच्या अर्जातला ‘किती टन?’ हा रकाना कसा भरायचा?

धुरकट

नमस्कार मंडळी. थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

आमचा नऊ जणांचा गट आहे. कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, शेतातच पेटवून द्यायचो, ते बंद केलं. दोन हंगाम झाले, शंकूसारख्या खड्ड्यात जाळून त्यांचा कोळसा करतो, पाणी मारून विझवतो, शेणखतात मुरवून मातीत घालतो. हल्ली त्याला बायोचार म्हणतात. गटातल्या एकाच्या मुलीने हवामान बदलावर काम करणाऱ्यांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराचा अर्ज आणून दिलाय. प्रश्न चौदा. तेरा भरून झाले, ‘तुमची प्रेरणा काय’ला तर मी पानभर लिहिलं. चौदाव्यावर गाडी अडली: वर्षाला किती टन कार्बन डायऑक्साइड रोखता?

माझा हिशोब असा. गेल्या हंगामात ४० टन पऱ्हाट्या, त्यातून १२ टन कोळसा. कोळसा म्हणजे कार्बनच. त्याचा कार्बन डायऑक्साइड काढायला ३.६७ ने गुणायचं, म्हणजे ४४ टन. बरोबर ना? आणि असले पुरस्कार आपल्यासारख्यांना मिळतात का, की ते सूटबूटवाल्यांचंच काम?

उंटावरचा शहाणा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्यातलं मला कळत नाही.

मिळतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला, तो उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठीच. अर्थशॉट म्हणजे ब्रिटनच्या प्रिन्स विल्यमने सुरू केलेला पर्यावरणाचा पुरस्कार, त्याचं पहिलं वर्ष २०२१. त्यात हवा स्वच्छ ठेवण्याच्या गटात जिंकलं ते ‘टाकाचार’, म्हणजे शेतातला काडीकचरा जागेवरच भाजून त्याचं इंधन आणि खत करणारं, ट्रॅक्टरला जोडता येणारं यंत्र. मिळाले दहा लाख पौंड. फक्त अर्थशॉटला आपण होऊन अर्ज करता येत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांनी तुमचं नाव सुचवावं लागतं. तुमच्या हातात अर्ज आहे म्हणजे तो दुसरा कुठलातरी आहे. भरून टाका की.

वजनकाटा

थांबा, भरू नका.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या गटातर्फे असाच एक अर्ज भरला आणि तोंडावर आपटले. पुरस्काराचं नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हतीच. आम्ही दणक्यात ६० टन लिहिलं होतं. आठ दिवसांनी एका ओळीची मेल आली: कोळशाचं वजन ओलं की कोरडं? मी उठून पोत्यात हात घातला. पंधरा दिवसांपूर्वी भरलेलं पोतं, वरून खडखडीत आणि आत कोपरापर्यंत हात गेला की गारेगार. कोळसा स्पंजासारखा असतो हो. विझवायला मारलेलं पाणी तो पिऊन बसतो आणि काटा ते इमानेइतबारे मोजतो. आमचं निम्मं कार्बन पाणी निघालं.

तुमचा आकडा वाचूनच मला शंका आली. ४० टनांतून १२ म्हणजे ३० टक्के. उघड्या खड्ड्यात कोरडा कोळसा पाचवा हिस्सा निघाला तरी हात चांगला बसलाय म्हणायचं. तेव्हा एक किलो घ्या, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत काढू नका.

पुढचं. कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन नाही, राखही असते. पऱ्हाटीच्या कोळशात ७० टक्के धरून चाला, पण नमुना प्रयोगशाळेत द्याच. तिथे हायड्रोजन आणि कार्बनच्या अणूंचं प्रमाणही काढून घ्या. ०.७ च्या खाली आलं तर कोळसा नीट भाजलाय, मातीत शतकभर टिकेल. वर गेलं तर कच्चा, जंतू त्याचा फडशा पाडतील. नीट भाजलेला असला तरी सगळाच्या सगळा टिकतो असं धरू नका, मी ८० टक्के धरते.

मग वजाबाकी. जाळलेल्या एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वजा करा. आणि धूर! खड्ड्यावर ज्वाळेचा पडदा कायम हवा, म्हणजे खालून निघणारा वायू तिथेच जळतो. ओल्या काड्या टाकल्या की पांढरा धूर सुटतो आणि त्यातून मिथेन जातो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तुमचं नाव वाचून काळजी वाटली, म्हणून सांगितलं.

शेवटचा प्रश्न, आणि परीक्षक हाच विचारतात: तुम्ही खड्डा केला नसता तर त्या पऱ्हाट्यांचं काय झालं असतं? सगळ्या खरंच शेतात जळत होत्या, की काही चुलीत जात होत्या? आरतीचा कोळसा चुलीत जाळायचा होता, तुमचा पुरायचा आहे. दोन्हींचे हिशोब वेगळे.

तात्पुरता

वजनकाटाताईंना दुजोरा. एक्सप्राइझ या अमेरिकी संस्थेची हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याची स्पर्धा झाली, एकूण बक्षीस १० कोटी डॉलर. चार वर्षं चालली, तेराशेवर संघ होते. शेवटच्या फेरीत वर्षभरात निव्वळ हजार टन काढून दाखवायचा होता. सगळी मारामारी त्या ‘निव्वळ’वर. २०२५ मध्ये ५ कोटींचं पहिलं बक्षीस ‘माती कार्बन’ला मिळालं. ते काय करतात, तर आपल्या ओळखीचा काळा दगड, बेसॉल्ट, दळून लहान शेतकऱ्यांच्या शेतात पसरतात. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो या भुकटीशी भिडून बायकार्बोनेट होतो आणि पाण्याबरोबर शेवटी समुद्राला मिळतो. भुकटी पसरणं कोणालाही जमेल. किती विरघळली हे मातीचे नमुने काढून सिद्ध करणं, तिथे खरा घाम गळतो. दुसरं बक्षीस ‘नेटझीरो’ला, म्हणजे तुमच्याच जातकुळीला: कॉफीच्या टरफलांचा बायोचार.

धुरकट

ताई, नाव जुनं आहे, धूर आता कमी झालाय!

घरच्या केकच्या ओव्हनमध्ये कोळसा ठेवला. ओव्हन १०५ वर होता, बायकोचा पारा त्याहून वर. एक किलोचा ६१० ग्रॅम भरला. म्हणजे १२ टनांचा ७.३. त्याचे ७० टक्के ५.१, गुणिले ३.६७ म्हणजे १८.८, त्याचे ८० टक्के १५. डिझेल ९० लिटर, ते पाव टनसुद्धा नाही. ४४ चे पावणेपंधरा झाले. नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय.

पण चुलीचं तुम्ही विचारलंत आणि मी गप्प झालो. नऊपैकी तीन घरांत पऱ्हाट्या चुलीत जायच्या. आता त्या बायका सरपण दुसरीकडून आणतात. कुठून, ते आम्ही कधी विचारलंच नाही. हे कुठे लिहायचं? अर्जात त्याला रकाना नाही.

वजनकाटा

प्रेरणेचं पान अर्धं करा आणि तिथे लिहा.

धुरकट

बरं. उद्या त्या तिन्ही घरी काटा घेऊन जातो. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.