उष्टावण आणि दाण्याचं कूट: लवकर की तीन वर्षांनी?

सईची_आई:
पुढच्या रविवारी लेकीचं उष्टावण. सासूबाई म्हणतात, महिनाभरात नाचणीच्या पेजेत दाण्याचं बारीक कूट घालू. लंडनची नणंद फोनवरच ओरडली, "तीन वर्षं दाणा दाखवूही नकोस!" २००४ मध्ये तिच्या थोरल्याच्या वेळी तिला हेच सांगितलं होतं. पण तो सल्ला तिथे केव्हाच मागे घेतलाय. मी सासूबाईंच्या बाजूने (नोंद घ्यावी, असं क्वचित होतं).

२००८ च्या एका पाहणीत ब्रिटनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली मुलं ताडून पाहिली. ब्रिटनमध्ये दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे दहापट! इस्रायलची बाळं वर्षाच्या आतच 'बांबा' नावाचे दाण्याचे कुरकुरे चघळतात. मग लंडनमध्येच ६४० बाळांवर प्रयोग झाला. २०१५ चा निकाल: पाच वर्षांची होईपर्यंत दाणा टाळलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी, खाल्लेल्यांपैकी ३.२.

रोखठोक:
आकडे बरोबर, पण अर्धेच सांगितलेत. त्या बाळांच्या त्वचेवर आधी दाण्याचा अर्क टोचून अ‍ॅलर्जीची चाचणी झाली होती. जास्त फुगवटा आलेल्यांना प्रयोगात घेतलंच नाही, आणि पहिला घास डॉक्टरांसमोर. तुम्ही स्वयंपाकघरात वाटी-चमचा घेऊन बसणार. शिवाय अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो, ते वेगळंच.

सईची_आई:
अख्खा कोण देतंय? कूट म्हटलंय, तेही पेजेत कालवून.

माई_कोल्हापूर:
मी म्हणते, सहा महिने निव्वळ अंगावरचं पाजा. अ‍ॅलर्जी फिरकत नाही. आमची पाच पोरं वाढली.

रात्रपाळी:
माई, अंगावरचं पाजावंच, पण त्याने ही खात्री मिळत नाही. माझ्या मुलाला वरच्या दुधाचा थेंब नव्हता. सातव्या महिन्यात उकडलेल्या अंड्याचा एक चमचा दिला. दहा मिनिटांत ओठ सुजले, पोटभर गांधी उठल्या. तशीच रिक्षा गाठली. त्याला तिसऱ्या महिन्यापासून एक्झिमा (कोरडी, खाजरी कातडी, लाल चट्टे) होता. पुढे डॉक्टरांनी समजावलं की भेगाळलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत गेले तर शरीर त्यांना शत्रू समजू शकतं; तेच आधी पोटातून गेले तर बहुधा खपवून घेतं. आणि आमच्या मालिशवाल्या मावशी त्याच कातडीवर घाण्याचं शेंगदाणा तेल चोळत होत्या! चाचणीत दाण्याची अ‍ॅलर्जी निघाली नाही, हे नशीब.

रोखठोक:
हेच म्हणतोय मी. आधी कातडी बघा, मग कूट.

सईची_आई:
सईच्या गालांवर आणि कोपराच्या खोबणीत लाल चट्टे आहेत, हे लिहायचं राहिलं.

रात्रपाळी:
अहो, मग तेच पहिलं लिहायचं ना! कुटाआधी बालरोगतज्ज्ञ. पण म्हणून तीन वर्षं थांबू नका, उलट अशा बाळांनाच उशीर महागात पडतो.

रोखठोक:
इथपर्यंत मान्य. तीन वर्षं थांबा असं मी म्हणालोच नव्हतो, ते तुमच्या नणंदबाई.

सईची_आई:
सोमवारची वेळ घेतली. सासूबाई दाणे भाजून, सोलून बसल्यात. त्यांची चटणी करू तोवर.