मदत हवी आहे : एल्समियर ते लँगॉलेन नॅरोबोट, दिवसभर पावसाचा अंदाज

ओलेमोजे :
शनिवारी सकाळी इंग्लंडमधल्या एल्समियरहून भाड्याची ५७ फुटी नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) घेऊन कालव्याने वेल्समधल्या लँगॉलेनकडे निघतोय. आम्ही दोघं आणि सत्तरी ओलांडलेले आईबाबा. अंदाज दिवसभर रिपरिप, दुपारनंतर वारा. कालव्याला पूर येतो का? लॉकमध्ये (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना गेट असलेला कप्पा) काय सांभाळायचं? छत्री चालेल?

दोरखंड :
कालव्याला नदीसारखा पूर येत नाही, जास्तीचं पाणी सांडव्यांवरून निघून जातं. पण लँगॉलेन कालव्याला डी नदीचं पाणी मिळतं आणि त्याला प्रवाह आहे. जाताना तुम्ही प्रवाहाविरुद्ध असाल. चर्कच्या बोगद्यात आणि ट्रेव्हरच्या पुढच्या अरुंद पट्ट्यांत बोट रेंगाळते. तरी थ्रॉटल (इंजिनची गती) वाढवू नका. उथळ पाण्यात मागचा भाग खाली बसतो, किनारे धुपतात आणि वेग उलट कमी होतो. अरुंद पट्ट्यांत दोन बोटी मावत नाहीत. एकाला रस्ता बघायला पुढे चालत पाठवा.

छत्री नको. एक हात टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) हवा, शिवाय वारा छत्रीला खेचतो. रेनकोटसोबत रेनपँटही घ्या, जीन्स ओली झाली की दिवसभर सुकत नाही. लोकरी हातमोजे भिजतात, रबराचा थर असलेले बरे.

पॅडलवाला :
एल्समियर ते लँगॉलेन दोनच लॉक, दोन्ही न्यू मार्टनचे. जाताना चढायचं. लॉकखाली बाजूने येणारा बायवॉशचा (जास्तीचं पाणी लॉकला वळसा घालून खाली नेणारा पाट) झोत बोटीचं नाक ढकलतो, पावसात तो अंगावर येतो. आधीच थोडं बायवॉशच्या बाजूला धरून, वेग न तोडता आत शिरा.

खरा धोका परतीच्या उतारात. मागच्या गेटखाली दगडी उंबरा असतो, तो सिल. लॉक रिकामं होताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला, तर तो अडकून राहतो, पुढचा भाग खाली जातो आणि बोट बुडू शकते. सिल कुठवर आहे ते दाखवणारी काठावरची पांढरी खूण पावसात, शेवाळात नीट दिसत नाही. बोट खुणेच्या पुढे ठेवा आणि एकाने नुसतं मागच्या टोकाकडे बघत राहायचं. टेकल्यासारखं वाटलं की खालची पॅडलं (पाणी सोडायच्या झडपा) लगेच बंद, मग वरची हळू उघडून बोट पुन्हा तरंगवा. उतरताना दोर बांधून ठेवू नका, बोट लटकते.

विंडलास (पॅडल फिरवायचं हँडल) दांड्यावर अडकवून हात सोडायचा नाही. खिट्टी निसटली तर तो गरगरत फिरून मनगट मोडतो. ओल्या गेटवरून कठडा धरूनच जा. बोटीवरून काठावर उडी नाही, पाऊल टाका. आईबाबांनी आतच बसावं, लॉक खिडकीतूनही छान दिसतं.

ओलेमोजे :
धन्यवाद! पाँटकसल्टेचा पूल (कालवा दरीवरून नेणारा) वाऱ्यात ओलांडावा का?

दोरखंड :
१८०५ चा लोखंडी हौद, खाली ३८ मीटर. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बोट हौदाच्या कडांमध्येच राहते, त्यामुळे ती पडत नाही, माणूस पडू शकतो. त्या बाजूला कुणी उभं राहू नये. समोरून बोट येत नाही ना, ते आधी बघा. जोराचा वारा असेल तर अलीकडेच बांधा. मोकळ्या पट्ट्यात हळू चालणारी नॅरोबोट वारा आडवी नेतो, थांबण्यापेक्षा थोडी गती असलेली बरी.

पॅडलवाला :
बांधताना जिथे काठाला लोखंडी पत्रे आहेत तिथे पत्र्यात अडकवायचे हुक वापरा. भिजलेल्या मातीतून खुंट्या सैल होऊन निघतात. खुंट्याच ठोकायच्या झाल्या तर बोटीपासून उलट दिशेला कललेल्या ठोका.

प्रॉपेलरला पानं अडकून बोट मंद झाली तर क्षणभर रिव्हर्स द्या. तरीही नाही सुटलं तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मग वीड हॅच (प्रॉपेलरपर्यंत हात घालायची झाकणाची खिडकी) उघडा. झाकण परत घट्ट आवळल्याशिवाय इंजिन सुरू केलंत तर पाणी आत येतं. आणि रात्री स्टोव्ह पेटवाल तेव्हा गारठा येतो म्हणून हवेची भोकं बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघा, बोट ताब्यात घेतानाच.