भूस्थिर उपग्रह चोवीस तास वर असतो, मग आमचा ट्रॉलर का दिसत नाही?

मालीमकर
नमस्कार मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर हसा पण उत्तर द्या. आमचा ट्रॉलर आहे, मालीम जेटीवर लागतो, बाबा आणि काका बघतात. मी कॉमर्सवाला, डिझेलची बिलं आणि बर्फाचा हिशोब एवढंच माझं काम. १ जूनला मासेमारी बंदी लागली की दोन महिने बाबा घरी, आणि मग दिवसभर मोबाईलवर हवामान खात्याचे ते काळेपांढरे ढगांचे फोटो, दर अर्ध्या तासाने नवीन आला का बघायचं. काल मला विचारतात, "हो कॅमेरो वयर एकाच जाग्यार आसा म्हण्टात, मागीर आमची बोट कित्याक दिसना?" मला काही सांगता येईना. गुगल मॅपवर आमच्या घराची कौलं मोजता येतात, मग एक चांगला कॅमेरा कायमचा गोव्याच्या वर का नाही ठेवत?
अजून एक, २०२१ मध्ये असाच एक उपग्रह सोडलेला आणि तो गेला असं आठवतं. तौक्ते वादळ येऊन तीन महिनेपण झाले नव्हते म्हणून लक्षात राहिलं. त्यात नक्की काय बिघडलं?

फोंड्याचो मास्तर
बावळट कसला, शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, हा प्रश्न कोणी विचारला नाही याचंच वाईट वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे "गोव्याच्या वर" ठेवताच येत नाही. उपग्रह थांबलेला नसतो, फिरतच असतो, फक्त पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो (२३ तास ५६ मिनिटं) तेवढ्याच वेळात तो एक फेरी मारतो म्हणून आपल्याला एका जागी दिसतो, म्हणून नाव भूस्थिर. हे जमतं फक्त विषुववृत्ताच्या डोक्यावर आणि फक्त साधारण ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. दुसरीकडे कुठे ठेवलात की तो सरकायला लागलाच.
पण गंमत बघा, २०१६ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीआर (असे ढगांचे फोटो काढणारा आपला हवामान उपग्रह) ७४ अंश पूर्व रेखांशावर बसवला आणि पणजीचा रेखांश ७३.८ च्या आसपास, म्हणजे मिरामारला उभे राहून बरोबर दक्षिणेला तोंड केलं आणि मान जवळजवळ ७२ अंश वर केली की तुम्ही त्याच्याकडेच बघताय. दिसणार नाही, पण बघताय. ही जागा जुनीच, आधी तिथे कल्पना-१ होता, २००२ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने गेलेला, २००३ मध्ये कल्पना चावला गेली तेव्हा तिचं नाव त्याला दिलं.

आता बोट. तुम्ही गुगलवर बघता ते फोटो एकतर विमानातून नाहीतर पाचसहाशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांनी काढलेले, आणि ते कधीचे असतील देव जाणे, आमच्या घरामागे तोडलेला फणस त्यात अजून उभा आहे. ते उपग्रह गोव्यावरून काही मिनिटांत निघून जातात. हा कायम थांबतो पण साठपट लांबून बघतो. इन्सॅटच्या फोटोत सगळ्यात बारीक ठिपका एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा, तोही दिवसाउजेडी. रात्री जो उष्णतेचा फोटो येतो त्यात ठिपका चार किलोमीटरचा. मालीमची अख्खी जेटी नांगरलेल्या ट्रॉलरांसकट एका ठिपक्यात बसते, मग त्यात तुमच्या बाबांची बोट कुठे शोधणार.

मग कॅमेरा मोठा करा म्हणाल. तर प्रकाशाचाच नियम आडवा येतो. दोन वस्तू वेगळ्या दिसायला किती रुंद आरसा लागतो ते अंतरावर ठरतं. ३६,००० किलोमीटरवरून एक मीटरची वस्तू ओळखायची तर आरसा अंदाजे २४ मीटर रुंद पाहिजे. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा, तोही घडी घालून पाठवावा लागला. पन्नास मीटरची वस्तू बघायची असेल तर मात्र अर्ध्या मीटरच्या आरशात भागतं. म्हणून तिथे पाठवायचा उपग्रह ठरवताना पहिला प्रश्न हाच असतो, किती बारीक बघायचंय आणि किती वेळा.

म्हापशेकार
२४ मीटरचा आरसा? शुक्रवारच्या बाजारात बघतो, घासाघीस केली तर मिळेल 😄

बंगळुरात अडकलेलो
मास्तरांनी वरचं सांगितलं, मी वर पोचण्याचं सांगतो, कारण तो १२ ऑगस्ट २०२१ मी पहाटे अलार्म लावून बघितलाय. ५:४३ ला सुटला. रॉकेट जीएसएलव्ही-एफ१०, आत उपग्रह ईओएस-०३, त्याचं जुनं नाव जीआयसॅट-१, वजन २,२६८ किलो. मूळ तारीख ५ मार्च २०२० होती, आदल्या दिवशी तांत्रिक कारणाने थांबवली, मग लॉकडाऊन लागला आणि पुढे दीड वर्ष तारीख पे तारीख. उपग्रह मोठा म्हणून जीएसएलव्हीच्या टोकावर पहिल्यांदाच चार मीटर रुंदीचं झाकण बसवलेलं. त्याच्या फोटोतला ठिपका साधारण पन्नास मीटरचा, म्हणजे @मालीमकर तुमची बोट त्यातही दिसली नसती, पण पूर आल्यावर मांडवी कुठपर्यंत पसरली ते पुन्हा पुन्हा दिसलं असतं.

पहिला टप्पा बरोबर. दुसरा बरोबर. मी चहा ठेवायला उठणार एवढ्यात पडद्यावरची रॉकेटच्या मार्गाची रेष खाली वळायला लागली आणि कंट्रोल रूममधले सगळे गप्प. तिसरा टप्पा क्रायोजेनिक, त्यात द्रवरूप हायड्रोजन असतो, उणे २५३ अंशाला, आणि इंजिन पेटायला त्याच्या टाकीत ठराविक दाब लागतो. तो दाबच भरला नव्हता. नंतर चौकशी समितीने सांगितलं की टाकीच्या व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब बाहेर सोडणारा) गळती होत होती, बहुतेक त्याचं मऊ सील खराब झालेलं. इंजिन पेटलंच नाही आणि ३०७ व्या सेकंदाला आतल्या कॉम्प्युटरने मोहीम थांबवली. म्हणजे उपग्रहाचा काही दोष नाही, एक व्हॉल्व्ह आणि एवढ्या वर्षांचं काम समुद्रात. तुमच्या बाबांना हे पटकन कळेल, इंजिन ठणठणीत असतं आणि डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरलेली असते.

आणि समजा पेटलं असतं तरी तिथे पोचलं असं होत नाही, हे लोकांना माहीत नसतं. रॉकेट फक्त लांबट कक्षेत सोडून देतं, एक टोक पृथ्वीपासून १७० किलोमीटरवर आणि दुसरं ३६,००० च्या पलीकडे. पुढचं उपग्रह स्वतः करतो, कर्नाटकात हासनला मास्टर कंट्रोल आहे तिथून आज्ञा देऊन त्याचं स्वतःचं इंजिन काही दिवसांत थोडं थोडं पेटवतात, कक्षा गोल करतात आणि तिरकेपणा काढतात. तिरकेपणा येतो कारण श्रीहरीकोटा विषुववृत्तावर नाही, साडेतेरा अंशाच्या वर आहे. २०१३ चा इन्सॅट-३डी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन रॉकेटने गेला, तिथे ५ अंशच, म्हणून हे काम कमी. सगळ्यात जास्त इंधन इथेच जातं. इन्सॅट-३डीआर २,२११ किलोचा होता त्यात १,२५५ किलो नुसतं इंधन, अर्ध्याहून जास्त! कॅमेरा, सोलर पॅनल, बॅटऱ्या, सगळं उरलेल्यात बसवायचं. आणि वर गेल्यावरही सूर्य-चंद्र ओढत असतात म्हणून जागा धरून ठेवायला अधूनमधून थोडं जाळायचं, ते संपलं की कॅमेरा चांगला असूनही काही उपयोग नाही.

जीएसएलव्हीला नॉटी बॉय म्हणायचे ते उगाच नाही. पण नंतर शहाणा झाला हां, २०२३ मध्ये दिशादर्शक उपग्रह एनव्हीएस-०१ नेला, १७ फेब्रुवारी २०२४ ला इन्सॅट-३डीएस नेला.

वास्कोची
मास्तर, ढग राहिले. साधा कॅमेरा कितीही भारी असू दे, जून ते सप्टेंबर आपल्याकडे वर कापूस पसरलेला असतो, खालचं काही दिसत नाही. ढगातून बघायला रडार लागतं, ३० जुलै २०२५ ला जीएसएलव्हीनेच निसार उपग्रह सोडला तो तसला, पण तो खालच्या कक्षेत फिरतो, कारण रडारला आपणच सोडलेली लहर परत ऐकायची असते आणि ३६,००० किलोमीटरवरून ती परत येईपर्यंत फारच क्षीण होते.
इन्सॅटला ढगच बघायचे असतात, त्याची अडचण वाटते ती त्याची ड्युटी आहे. ढगाचा माथा जितका थंड तितका तो उंच, यावरून वादळ फोफावतंय का ते कळतं, रात्रीसुद्धा. तौक्ते १६ मे २०२१ ला आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, आमच्याकडे लाईट कधी येईल कोणी सांगेना, पण वादळ कुठे आहे हे मोबाईल चार्ज असेपर्यंत दर अर्ध्या तासाला कळत होतं. फिरणारा उपग्रह दिवसातून एकदोनदा आला असता, तेवढ्यात वादळ कुठल्या कुठे पोचलं असतं.
एक अजून, चवथीच्या दिवसांत रात्रीचा एखादा फोटो चुकला तर घाबरू नका. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास हे उपग्रह मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीत जातात, २३ सप्टेंबरच्या सुमाराला तर सत्तर मिनिटांपर्यंत, तेव्हा बॅटरीवर चालावं लागतं आणि सूर्य पृथ्वीच्या कडेने सरळ कॅमेऱ्यात घुसतो.
आणि बोट दिसत नाही म्हणून उपयोग नाही असं नको हां! इन्सॅट-३डीआरवर शोध-बचावाचा ट्रान्सपाँडर (संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र) आहे. बोटीवर डिस्ट्रेस बीकन (संकटात मदतीचा संदेश सोडणारी पेटी) असेल आणि तो चालू केला तर संदेश त्यातून खाली येतो, पुढे कोस्टगार्डला कळतं. बाबांच्या बोटीवर आहे का? असला तर बॅटरीची तारीख बघा, आमच्या शेजाऱ्यांची तीन वर्षांपूर्वी संपलेली निघाली.

मालीमकर
सगळ्यांना देव बरें करूं. सगळं बाबांना वाचून दाखवलं, डिझेल लाईनचं एकदम पटलं, "व्हॉल्व्ह म्हळ्यार व्हॉल्व्ह" म्हणून दोनदा मान हलवली. बीकन आहे, केबिनमध्ये दोरखंडाच्या खाली सापडला, तारीख अजून सात महिने आहे.
बोट दिसत नाही यावर मात्र त्यांचं मत फिरलंय. आता म्हणतात नाही दिसत तेच बरं, वरून दिसली असती तर आम्हाला बांगडा कुठे लागतो ते जेटीवरच्या सगळ्यांना आमच्याआधी कळलं असतं.