४१५००१ ही मूळ संख्या आहे का? आणि ४१६४१६ चे विभाजक किती?

कृष्णाकाठ (सांगली)
नववीच्या वर्गाला पिनकोडचे मूळ अवयव काढायला द्यायचे आहेत. साताऱ्याच्या ४१५००१ ला ९७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. मग ही मूळ संख्या धरायची का? दुसरं, सांगलीचा ४१६४१६ = ४१६ × १००१. ४१६ चे विभाजक १२, १००१ चे ८, म्हणून एकूण ९६ यायला हवेत. मोजले तर ७२च भरतात.

अजिंक्यतारा
मूळ धरू नका. शंभराच्या आत अवयव नाही, एवढंच त्यातून कळतं. वर्गमूळ ६४४ च्या जरा पुढे येतं, म्हणजे ६४३ पर्यंतच्या ११७ मूळ संख्या तपासायला हव्यात. त्या वाटेने गेलात तर ११२ व्या भागाकाराला भाग जाईल.

त्यापेक्षा वर्गांची वजाबाकी करा. वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या ६४५.

६४५² = ४१६०२५
४१६०२५ − ४१५००१ = १०२४ = ३२²

म्हणून ४१५००१ = (६४५ − ३२) × (६४५ + ३२) = ६१३ × ६७७. दोन्ही मूळ. पहिल्याच पायरीला सुटलं! फळ्यावर दाखवायला इतकी देखणी संख्या सहसा मिळत नाही. ही रीत फर्माच्या नावाने ओळखली जाते, पण नारायण पंडितांच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'तही ती आहे.

गणपतीपेठ
सांगलीचं बघू. विभाजकांच्या संख्यांचा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा दोन्ही संख्या सहमूळ असतात. इथे ४१६ = २⁵ × १३ आणि १००१ = ७ × ११ × १३, म्हणजे १३ दोन्हीकडे आहे. एकत्र लिहा: २⁵ × ७ × ११ × १३². प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ६ × २ × २ × ३ = ७२. तुमची मोजणी बरोबर आहे.

विभाजकांच्या बेरजेतही हाच खड्डा आहे. बरोबर बेरीज ६३ × ८ × १२ × १८३ = ११,०६,७८४. ४१६ आणि १००१ च्या बेरजा वेगळ्या काढून गुणल्या तर ११,८५,४०८ येते, ती चूक.

कृष्णाकाठ (सांगली)
लक्षात आलं. मग कराडच्या ४१५११० ला वर्गांची रीत का लागत नाही? बरेच वर्ग करून पाहिले.

अजिंक्यतारा
कितीही केले तरी लागणार नाही. वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ उरते, म्हणून दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी २ कधीच येत नाही. ४१५११० ची बाकी नेमकी २ आहे. आधी २, ३ आणि ५ काढून टाका, १३८३७ उरतात. ११८² मधून वजा केले तर ८७, तो पूर्ण वर्ग नाही. ११९² मधून ३२४ = १८². अवयव १०१ आणि १३७.

मुलांना एक मात्र सांगा: दोन अवयव जवळजवळ असतील तरच ही रीत झटपट चालते. एवढ्याच मोठ्या संख्येचा एक अवयव ३ आणि दुसरा मोठी मूळ संख्या असेल, तर ६८ हजारांवर पायऱ्या होतील. म्हणून लहान मूळ संख्यांनी आधी भागून घ्यायचं.