मदत हवी आहे : फोटोच्या प्रिंटवर शाईचे फराटे आणि रोलरच्या खुणा

नमस्कार. म्हापशाला घरच्या इंकजेट प्रिंटरवर मी आजीच्या जुन्या फोटोंच्या ४ × ६ इंची ग्लॉसी प्रती काढत आहे. पण कडेला शाईचा काळा फराटा उमटतो आणि आजीच्या कपाळावरून, अगदी कुंकवाला छेदून, दातेरी चाकांच्या बारीक ठिपक्यांची सरळ रांग जाते. सेटिंगमध्ये ग्लॉसी कागदच निवडला आहे, कोरे कागद फिरवून रोलरही साफ केले, तरी फरक नाही. पावसाळ्यातल्या इथल्या दमट हवेने कागदाला बाक येऊन तो प्रिंटरच्या हेडला (शाई सोडणाऱ्या भागाला) घासत असावा, असा माझा कयास आहे. अशा वेळी हेड आणि कागद यांमधले अंतर वाढवावे, की मागच्या ट्रेमधून कागद घालावा? येत्या वर्षश्राद्धाला या प्रती नातेवाइकांना द्यायच्या आहेत, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.