माळवदावर कोबा टाकावा का? तुळईचं टोक काळं पडलंय

कसब्यातलं_घर
नमस्कार मंडळी. सोलापुरात कसब्यात आजोबांचं जुनं घर आहे, दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर कड्या-फळ्या आणि त्यावर मातीचं माळवद, म्हणजे सपाट धाबं. मागच्या सप्टेंबरात पाऊस लागून राहिला तेव्हापासून मधल्या खोलीत गळायलंय, वरनं माती पडायलीय आणि एका तुळईचं भिंतीत गेलेलं टोक काळं दिसतंय, हात लावला तर गार लागतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय वर प्लास्टिक अंथरून ४ इंच कोबा (सिमेंट-खडीचा थर) टाकू, खालनं पीओपी करू, विषय संपला. आईला माळवद काढायचं नाहीये आणि खरं सांगू का मलापण नाही, मे महिन्यात त्या खोलीत जो गारवा असतो तो स्लॅबच्या घरात मिळत नाही. मृगाच्या आत काय करता येईल?

पेठेतला_अण्णा
मालक थांबा, ॲडव्हान्स देऊ नका अजून. आम्ही अगदी हेच केलतं, वरनं कोबा खालनं पीओपी, दोन वर्षं थेंब पडला नाही म्हणून आम्ही खूश, पण आधीची ओल आतच कोंडून राहिली आणि नंतर कोब्याला कडेनं चीर पडली तिथनं जाणारं पाणीपण आतच मुरत गेलं, पीओपीमुळं खालनं काही दिसेना. तिसऱ्या वर्षी सीलिंगला बाक आला म्हणून फोडून बघितलं तर तुळईचं टोक हातानं चुरा होत होतं. माझे वडील त्याच खोलीत झोपायचे, आठवलं तरी अंगावर काटा येतो. पीओपी तर अजिबात करू नका.

साइटवरचा
सिव्हिलमध्ये आहे, जुनी घरं बरीच बघितलीत. लाकूड पाण्यानं थेट कुजत नाही, ओलीवर बुरशी वाढते ती लाकूड खाते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी धरत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर ऊन आणि कोरडी हवा, म्हणजे लाकूड वाळवायला फुकटची भट्टीच आहे, फक्त वाफ बाहेर जायला वाट पाहिजे, प्लास्टिक टाकलं की ती वाट बंद.

दुसरं वजन. ४ इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला साधारण २० किलो, १० बाय १२ च्या खोलीवर जवळजवळ अडीच टन, तेपण कुजक्या टोकावर. आधी प्रत्येक तुळईचं टोक बघा, भिंतीजवळचा गिलावा थोडा काढा, स्क्रू ड्रायव्हर टोचा. चांगल्या सागवानात तो जेमतेम टेकतो, कुजलेल्यात सहज आत जातो. हातोडीनं ठोकल्यावर भद्द आवाज आला तरी संशय घ्या. भिंतीतलंच टोक आधी जातं कारण तिथं हवा लागत नाही आणि भिंतीची ओलपण तिथंच येते.

बार्शीची_सून
आमच्या सासरी अजून माळवद आहे. वैशाखात सासूबाई वर जातात, गवताची मुळं उपटायची, उंदरांची बिळं बुजवायची, चिरा भरायच्या. माती कुठलीपण चालत नाही हं, खारी पांढरी माती लागते, ती भिजली की फुगून बारीक भोकं बंद होतात, काळी माती टाकली तर वाळल्यावर भेगाच भेगा. आणि एक चूक सगळे करतात, दरवर्षी जुन्यावर नवीन माती टाकत जातात, थर वाढत जातो नि बोजा तुळईवर येतो. आधी जुनी खरवडून काढा मग नवी टाका, पन्हाळीकडं उतार नीट करा, पन्हाळीचं तोंड भिंतीपासून लांब काढा नाहीतर सगळं पाणी भिंतीवरनंच उतरतं. साणं (उजेड-हवेसाठी माळवदाला ठेवलेलं भोक) बुजवलं असेल तर उघडा, हवा खेळती राहते.

कसब्यातलं_घर
काल टोचून बघितलं. ७ तुळयांची १४ टोकं, त्यातली २ मऊ लागली, दोन्ही पन्हाळीच्या बाजूची!! पन्हाळ फुटलीय आणि पाणी थेट त्या भिंतीत जायलंय. आता पुढं? बाकीच्यांना ऑइल पेंट मारून टाकू का?

साइटवरचा
पेंट नको, ओल्या लाकडावर पेंट म्हणजे परत कोंडणंच. आजच त्या दोन तुळयांना खालनं टेकू द्या, त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पन्हाळ आधी बदला. मऊ भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून त्याच्याही पुढं फूटभर काढावा लागतो, नवीन तुकडा दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि बोल्टनं जोडतात. टोक मातीत गच्च बसवू नका, खाली दगड ठेवा आणि कडेनं अर्धा इंच मोकळं सोडा. बाकीच्या टोकांना बोरिक ॲसिड १ भाग, बोरॅक्स दीड भाग, दोन्ही मिळून १ किलो १० लिटर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीनदा ब्रशनं पाजा, हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. पावसाच्या पाण्यानं ते धुऊन जातं म्हणून गळती बंद झाल्याशिवाय लावू नका.

पेठेतला_अण्णा
टेकू भाड्यानं मिळतात, सेंट्रिंगवाल्याकडं जावा. आज संध्याकाळीच लावून घ्या, आणि लावल्यावर इथं कळवा.